संजीवकाचं पेशी किती ऐकते?

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदाराला ‘जीए’ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. जिबरेलिक आम्ल या संजीवकाचं, म्हणजे हार्मोनचं, पाणी घड पोपटी अवस्थेत असताना फवारलं की घडाचा देठ आणि पाकळ्या लांबतात, घड मोकळा होतो. मणी बाजरीएवढे झाल्यावर त्याच औषधाच्या पाण्यात घड बुडवून काढले की मणी फुगतो. औषध एक, वेल एक आणि परिणाम दोन. मधल्या काही आठवड्यांत घडातल्या पेशी एका अवस्थेतून दुसरीत गेलेल्या असतात, सगळा फरक त्याचा. म्हणून बागेत ‘किती मारायचं’ याइतकाच ‘कधी मारायचं’ यावर खल होतो. शेतात सगळ्यांना ठाऊक असलेली ही गोष्ट टिश्यू कल्चरचा विषय निघाला की मात्र विसरली जाते. तिथे बहुतेकांच्या मनात एक सोपं चित्र असतं: बाटलीत ऑक्सिन जास्त घातलं की मुळं फुटतात, सायटोकायनिन जास्त घातलं की कोंब फुटतात, दोन्ही बेताचं घातलं की नुसता पेशींचा गोळा वाढतो. म्हणजे पेशी ही कोरी पाटी आणि संजीवक हा तिच्यावर लिहिणारा हात. हे चित्र खोटं नाही, पण अर्धं आहे. आणि उरलेला अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे. संजीवक पेशीला नवं काही शिकवत नाही. त्या घडीला जे करायची तिची तयारी असते, तेवढंच ते तिच्याकडून करून घेतं.

सोपं चित्र आलं कुठून, हे आधी पाहायला हवं. 1902 साली गॉटलीब हाबरलांट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने पानातल्या सुट्या पेशी पोषक द्रवात वाढवायचा प्रयत्न केला. पेशी काही आठवडे जगल्या, आकाराने वाढल्याही, पण एकही विभागली नाही. त्या वेळी वनस्पतींची संजीवकं कोणालाच माहीत नव्हती. 1934 च्या सुमाराला इंडोल अॅसेटिक आम्ल हे ऑक्सिन ओळखलं गेलं, तेही माणसाच्या लघवीतून वेगळं काढून. 1939 पर्यंत फ्रान्समध्ये गोत्रे आणि नोबेकूर यांनी गाजराच्या ऊती, तर अमेरिकेत व्हाइट यांनी तंबाखूच्या एका संकराच्या ऊती बाटलीत बेमुदत वाढवून दाखवल्या. 1941 मध्ये धोतऱ्याचे कोवळे भ्रूण वाढवण्यासाठी शहाळ्याचं पाणी वापरलं गेलं आणि ते कमालीचं उपयोगी ठरलं. त्यात नेमकं काय आहे हे कळत नव्हतं, तरी पुढची कित्येक वर्षं प्रयोगशाळांत नारळ फुटत राहिले. ते ‘काहीतरी’ शोधताना विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्के स्कूग यांच्या प्रयोगशाळेत कार्लोस मिलर यांच्या हाती हेरिंग माशाच्या शुक्राणूंपासून काढलेल्या डीएनएची एक जुनी बाटली लागली. ती घातल्यावर तंबाखूच्या पेशी भराभर विभागू लागल्या. नव्या बाटलीतला ताजा डीएनए घातला तर काहीच होईना. ताजा डीएनए ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली शिजवल्यावर मात्र तो कामाला आला. डीएनए मोडून तयार झालेल्या त्या पदार्थाला 1955 मध्ये कायनेटिन हे नाव मिळालं आणि सायटोकायनिन या गटाची ओळख झाली.

दोनच वर्षांनी, 1957 मध्ये, स्कूग आणि मिलर यांनी टिश्यू कल्चरमधला सर्वांत गाजलेला प्रयोग छापला. तंबाखूच्या खोडाच्या गाभ्याचे तुकडे घेतले, माध्यमात ऑक्सिन ठेवलं आणि कायनेटिनचं प्रमाण पायरीपायरीने वाढवत नेलं. ऑक्सिनचं पारडं जड तिथे मुळं आली, कायनेटिनचं जड तिथे पानांसकट कोंब आले आणि मधल्या बाटल्यांत कॅलस, म्हणजे आकार नसलेला पेशींचा गोळा, वाढत राहिला. यातली खरी नवलाई अशी की मुळं घडवणारं एक आणि खोड घडवणारं दुसरं अशी वेगवेगळी द्रव्यं शोधायची गरजच संपली. दोनच द्रव्यांच्या परस्पर प्रमाणावर काम भागलं. 1962 मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी क्षार-जीवनसत्त्वांचं जे माध्यम बसवलं, ते ‘एमएस’ म्हणून आजही जगभर वापरात आहे. माध्यम हाती आलं, नियम हाती आला. आता कुठलंही झाड बाटलीत वाढवणं हा निव्वळ मोजमापाचा प्रश्न आहे, असं वाटू लागलं तर नवल नाही.

पण तंबाखू ही फार आज्ञाधारक वनस्पती आहे. स्कूग यांनी गव्हाच्या पानापासून सुरुवात केली असती तर हा नियम बहुधा सापडलाच नसता. गहू, भात, मका, ऊस या गवतवर्गातल्या पिकांचं पूर्ण वाढलेलं पान घ्या, त्याला ऑक्सिन आणि सायटोकायनिन हव्या त्या प्रमाणात द्या, ते सहसा ढिम्म राहतं. याच पिकांचा दाणा दुधात असतानाचा कोवळा भ्रूण घेतला, किंवा उसाच्या पोंग्यातली आतली, अजून उलगडायची असलेली पानं घेतली, तर कॅलस होतो आणि त्यातून रोपंही मिळतात. मक्यात तर एकाच पिकाच्या दोन वाणांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘ए188’ या वाणाचे कोवळे भ्रूण चटकन प्रतिसाद देतात, ‘बी73’ हा नामांकित वाण त्याच माध्यमावर हटून बसतो. पैदासकारांनी या दोघांचा संकर केला, तेव्हा ए188 चा हा गुण पुढच्या पिढ्यांत उतरला. संजीवकाला दाद देणं हा दाण्याच्या रंगासारखा वंशाने चालत येणारा गुण निघाला, तर मग सगळं श्रेय बाटलीतल्या द्रव्याला कसं देणार?

गवतवर्गाच्या या भ्रूणांसाठी बहुधा वापरतात ते टू-फोर-डी, म्हणजे शेतकऱ्याच्या ओळखीचं तणनाशक. उसात, गव्हात रुंद पानांची तणं मारायला ते फवारतात. त्याचा नुसता वारा लागला तरी शेजारची द्राक्षाची पानं आखडतात, कपाशीची पानं भेंडीच्या पानांसारखी चिरतात. हे कृत्रिम ऑक्सिन आहे. रुंद पानांच्या झाडाला ते बेसुमार, वेडीवाकडी वाढ करायला लावून मारतं, उसाला फारसं जाणवत नाही, आणि बाटलीतल्या गाजराच्या पेशीला, अगदी अल्प प्रमाणात, बीजाशिवाय भ्रूण घडवायच्या वाटेवर नेतं. गाजराची गोष्ट इथे थोडी जवळून पाहावी अशी आहे. टू-फोर-डी असलेल्या माध्यमात पेशींचे छोटे पुंजके तयार होतात, आणि तिथेच अडून राहतात. भ्रूण पुढे वाढायचा असेल तर ते टू-फोर-डी काढून टाकावं लागतं. ज्याने काम सुरू करून दिलं तेच पुढच्या टप्प्यावर आडवं येतं. माध्यम तेच ठेवून अधिक काळ वाट पाहिली तरी भ्रूणांऐवजी पुंजकेच वाढत राहतात.

वेळेचा हा मुद्दा 1980 च्या दशकात अमेरिकेत ख्रिश्चनसन आणि वॉर्निक यांनी फार नेटक्या पद्धतीने तपासला. त्यांनी घेतलं होतं आपल्याकडेही शेतात पसरणारं चांदवेल हे तण. त्याच्या पानाचे तुकडे वेगवेगळ्या मुदतीने एका माध्यमावरून दुसऱ्यावर हलवत त्यांनी दाखवून दिलं की पानाच्या तुकड्याला आधी संजीवकाचं ऐकण्याची पात्रता यावी लागते. ती येण्याआधी कोंबाचं माध्यम द्या, उपयोग नाही. पात्रता आल्यावर ठरावीक काळ कोंबाच्या माध्यमावर राहिलं की त्याचा निर्णय होतो, आणि मग ते तुकडे संजीवक नसलेल्या साध्या माध्यमावर नेले तरी कोंबच येतात. दोन्ही टोकांना संजीवकाची सत्ता नाही. ती आहे मधल्या एका खिडकीपुरती, आणि ती खिडकी उघडायची कधी हे पानाच्या पेशी ठरवतात.

हे घडतं कसं, याचा उलगडा गेल्या पंचवीस वर्षांत बराच झाला आहे. सायटोकायनिन ओळखणारी प्रथिनं 2001 च्या सुमाराला सापडली, ऑक्सिन ओळखणारं ‘टीआयआर1’ 2005 मध्ये. ऑक्सिनचं काम मोठं गमतीचं आहे. ते थेट कुठलंही जनुक चालू करत नाही. पेशीत काही प्रथिनं जनुकांना दाबून धरून बसलेली असतात. ऑक्सिन आलं की ती टीआयआर1 ला चिकटतात आणि नष्ट केली जातात. दाब उठला की खालची जनुकं मोकळी होतात. प्रयोगशाळांची लाडकी अॅरॅबिडॉप्सिस ही मोहरीच्या कुळातली चिमुकली वनस्पती घेतली तर तिच्यात अशी दाबणारी प्रथिनं 29 प्रकारची आहेत आणि त्यांनी ज्यांना धरून ठेवलेलं असतं ती जनुक-नियंत्रक प्रथिनं 23 प्रकारची. मुळाच्या पेशीत यांतली काही असतात, पानाच्या पेशीत दुसरी काही. ऑक्सिनचा रेणू सगळीकडे तोच, पण तो जे मोकळं करतो ते जागोजागी निराळं. सुटका करणारा रेणू बाहेरून येतो, कोणाची सुटका व्हायची हे मात्र आत आधीच ठरलेलं असतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल, तुम्ही बाटलीतलं प्रमाण मोजता, पेशीच्या आतलं नाही. पेशी स्वतःही ऑक्सिन आणि सायटोकायनिन बनवते, बाहेरून आलेलं मोडते, काही बांधून बाजूला ठेवते. आतलं खरं प्रमाण मोजलं तर स्कूग-मिलरचा नियम गव्हालाही लागू पडेल. बिघाड नियमात नाही, मोजण्यात आहे. यात तथ्य आहेच. इंडोल अॅसेटिक आम्लाची पेशीतली विकरं वासलात लावतात, टू-फोर-डी मात्र सहजासहजी मोडत नाही, म्हणूनच जिथे पहिलं फसतं तिथे दुसरं चालतं. पण एवढ्याने सगळा हिशेब जुळत नाही. 2016 मध्ये मक्याच्या हट्टी वाणांवर झालेलं काम पाहा. त्यात भ्रूण आणि कोंब घडवण्याशी संबंधित ‘बेबी बूम’ आणि ‘वुशेल’ ही दोन जनुकं पेशींत कार्यरत केली, तेव्हा एरवी दाद न देणाऱ्या वाणांतूनही रोपं मिळाली. उणीव संजीवकाच्या प्रमाणाची असती तर प्रमाण बदलूनच ती भरून निघाली असती, आणि प्रमाणं बदलून पाहण्यात त्याआधी लोकांनी वर्षानुवर्षं घालवली होती. शिवाय कॅलस म्हणजे सगळं विसरलेली, पहिल्यापासून सुरुवात करायला मोकळी पेशी, ही समजूतही 2010 मध्ये डळमळली. मुळाचा तुकडा घ्या, पानाचा घ्या की फुलाच्या पाकळीचा, अॅरॅबिडॉप्सिसमध्ये कॅलस होताना जी जनुकं जागी होतात ती बाजूचं मूळ फुटतानाचीच असतात. आणि ज्या उत्परिवर्तित झाडाला बाजूची मुळं फुटण्याची ती सुरुवात करता येत नाही, त्याला कॅलसही धड करता येत नाही. ज्याला आपण अराजक समजत होतो, तीसुद्धा झाडाची मळलेली वाट निघाली.

दुसरा आक्षेप व्यवहारातला. पेशी इतकी मनमानी करत असेल तर जळगावच्या केळीची लाखो रोपं एका ठरलेल्या कृतीवर कशी तयार होतात? रावेर-यावलचा शेतकरी पूर्वी बागेतले मुनवे काढून लावायचा. आता ‘जी-नाइन’ या वाणाची एकसारखी रोपं पिशवीतून शेतात येतात. याचं उत्तर बाटलीत काय घालतात यापेक्षा मुनव्याचं काय करतात यात आहे. तलवारीसारख्या पानांचा निरोगी मुनवा घेऊन त्याची बाहेरची आवरणं एकेक सोलत जातात, शेवटी कंदाच्या लहानशा तुकड्यावर बसलेला वाढीचा शेंडा उरतो. कापलेला भाग हवेने काळा पडतो, म्हणून हात चटकन चालवावा लागतो. निर्जंतुक करून तो एमएस माध्यमावर ठेवतात आणि त्यात बेंझिल अॅडेनिन हे सायटोकायनिन घालतात, लिटरला काही मिलिग्रॅम. केळीच्या शेंड्याच्या बगलेत डोळे मुळातच असतात. वरच्या शेंड्याच्या ऑक्सिनमुळे ते दबलेले असतात. हे दडपण ऑक्सिनचं असतं हे 1930 च्या दशकात दाखवणाऱ्यांत थीमान यांच्याबरोबर तरुण स्कूगही होते. सायटोकायनिन ते दडपण मोडतं, डोळे फुटतात, तीन-चार आठवड्यांनी कोंब वेगळे करून नव्या बाटलीत ठेवतात; ही झाली एक फेरी. पुढे मुळांसाठी ऑक्सिनचं माध्यम, मग हरितगृहात आणि शेडनेटमध्ये हार्डनिंग, म्हणजे रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावणं. या सगळ्यात पेशीला तिच्या स्वभावाबाहेरचं एकही काम सांगितलेलं नाही. मुनवा बागेत जे वर्षभरात करतो तेच इथे घाईने करून घेतलं. केळीचं यश हे कृतीपेक्षा तुकड्याच्या निवडीचं यश आहे, असं माझं मत आहे.

तिसरा आक्षेप पुण्यातून येतो. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रजनी नाडगौडा, व्ही. ए. पराशरामी आणि ए. एफ. मास्करेन्हास यांनी 1990 मध्ये ‘नेचर’मध्ये छापलेल्या कामाने जगाचं लक्ष वेधलं होतं. ज्या बांबूला रानात फुलायला काही दशकं लागतात, त्याची बियांपासून वाढवलेली रोपं बेंझिल अॅडेनिन आणि शहाळ्याचं पाणी घातलेल्या माध्यमावर बाटलीतच, काही महिन्यांत फुलली. वयसुद्धा ओलांडायला लावणारं हे द्रव्य मालक नाही तर कोण? पण जरा मागे पाहा. केळीत डोळे फोडणारं बेंझिल अॅडेनिन ते हेच. त्याने केळी बाटलीत फुलत नाही. बांबूत फुलोरा आला, कारण फुलण्याची तयारी बांबूच्या रोपात कुठेतरी दडलेली होती, आणि ती इतक्या लहान वयातही असू शकते हा त्या शोधाचा मोठा भाग आहे. याउलट उदाहरण दिल्लीचं. 1964 मध्ये शिप्रा गुहा आणि एस. सी. महेश्वरी यांना दिल्ली विद्यापीठात धोतऱ्याच्या परागकोशांतून, म्हणजे परागकणांपासून, एकपट गुणसूत्रांचे भ्रूण मिळाले. पुढे तंबाखूत असं दिसलं की परागकोश योग्य दिवशी उचलले तर माध्यमात संजीवक अजिबात नसलं तरी चालतं. परागकण पहिल्या विभाजनाच्या आसपास असणं पुरेसं ठरतं. दिवस चुकला तर कुठलंही संजीवक मदतीला येत नाही.

पेशी आपलं ठरवते एवढंच नव्हे, बाटलीतले दिवस ती लक्षातही ठेवते, आणि इथे हा विषय प्रयोगशाळेबाहेर येऊन पैशांचा होतो. गोत्रे यांना फार पूर्वी दिसलं होतं की काही ऊती बऱ्याच सबकल्चरनंतर, म्हणजे नव्या माध्यमावर हलवण्याच्या फेऱ्यांनंतर, ऑक्सिनशिवायच वाढू लागतात. 1973 मध्ये बिन्स आणि माइन्स यांनी सायटोकायनिनची गरज संपलेल्या तंबाखूच्या पेशींपासून झाडं वाढवली, तर त्या झाडांच्या गाभ्याला पुन्हा सायटोकायनिन लागू लागलं. म्हणजे जनुकं तीच होती, त्यांच्या वापराची सवय बदलली होती. तंबाखूत ही सवय सुटली. पाम तेलाच्या झाडात ती सुटली नाही. मलेशियात उत्तम झाडांच्या कॅलसपासून रोपं करून लावली, आणि काही वर्षांनी फुलं आल्यावर कळलं की बऱ्याच झाडांत पुंकेसरांच्या जागी स्त्रीकेसरासारखे भाग येतायत. हा दोष जास्त असलेल्या झाडांवर फळच धरत नव्हतं. 1986 मध्ये हा दोष नोंदला गेला, त्याचं मूळ सापडलं 2015 मध्ये. फुलाची घडण ठरवणाऱ्या एका जनुकाच्या आत ‘कर्म’ नावाचा डीएनएचा एक फिरता तुकडा बसलेला असतो. त्यावरच्या रासायनिक खुणा बाटलीतल्या काळात पुसल्या गेल्या होत्या. एकट्या संजीवकावर याचं खापर फोडता येत नाही, पण कॅलस करून दीर्घकाळ वाढवत नेलं की असे धोके वाढतात, याबद्दल फारसा वाद नाही.

केळीत कॅलस टाळतात ते यासाठीच. तरीही फेऱ्या फार वाढवल्या, सायटोकायनिनचा मारा केला, तर खुजी किंवा चट्ट्यापट्ट्यांच्या पानांची झाडं निघू लागतात. म्हणून एका मुनव्यापासून साधारण आठ फेऱ्यांच्या पुढे जायचं नाही, असा या धंद्यातला दंडक आहे. तो मोडला तर रोपं स्वस्त पडतात, आणि दोष शेतात लागवडीनंतरच दिसतो. ‘हार्मोनची केळी’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांची भीती मात्र अनाठायी आहे. लिटरला काही मिलिग्रॅम या मापाने दिलेलं संजीवक बोटभर रोपाच्या वाट्याला येतं, त्या रोपाचं पुढे पुरुषभर उंचीचं झाड होतं आणि घड त्यानंतर निसवतो; शिवाय यात परकं जनुक कुठेच घातलेलं नसतं. काळजी करायचीच तर ती रोपाच्या इतिहासाची करावी. टिश्यू कल्चर रोपांच्या प्रमाणीकरणाची केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची व्यवस्था 2006 पासून आहे. पुढच्या वेळी रोपं नोंदवताना दर विचारून झाला की आणखी तीन गोष्टी विचारा: मातृझाड कुठलं, विषाणू चाचणी झाली का, आणि हे रोप कितव्या फेरीचं. ज्याला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून रोपं घेऊ नका.